मेणाची दाढ

माझे धाकटे दीर दुसऱ्यांचे दात करतात. एकोणीस वर्षं एकाच मालकाच्या लॅबमध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत, कवळ्यांचं प्लास्टर घासत. संध्याकाळी येतात ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. माझी मुलगी लहानपणी विचारायची, "काका, आज पुन्हा म्हातारे झालात?" गेल्या वर्षापासून खोकला मात्र खराच म्हातारा झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या धुळीतून बाहेर पडा.

नदीपलीकडच्या लॅबमध्ये प्रत्येक टेबलाला धूळ ओढून घेणारं यंत्र आहे. भावजींनी तिथे अर्ज केला आणि घरात फक्त मला सांगितलं.

"वहिनी, दादालाही नको. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की त्याच्या पोटात काही राहत नाही."

भीती खोटी नव्हती. मागे लॅबमधला पॉलिश करणारा दुसरीकडे काम बघतोय हे मालकांच्या कानावर गेलं, त्याच दुपारी त्याचा डबा दाराबाहेर ठेवलेला होता. म्हणून अर्जातही भावजींनी मालकांचं नाव लिहिलं नाही.

नव्या लॅबने मेणाची दाढ कोरून दाखवायला सांगितली. भावजींनी अर्ध्या दिवसाची रजा काढली, वहिनीला चक्कर येते म्हणून.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारतोय ना आता. मालकांचा फोन आला तर जरा कण्हा."

फोन आला. मी कण्हले. मालक म्हणाले, "काळजी घ्या हो."

आठ दिवसांत कळवतो, असं नव्या लॅबने सांगितलं. नवव्या दिवशी मालकांनीच केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीच दाढ! इतका सुबक हात कोणाकडचा, हे विचारायला नव्या लॅबवाल्यांनी ती जुन्या ओळखीतून त्यांच्याकडेच पाठवली होती. मालकांना विचार करावा लागला नाही. दाढेची आतली कड भावजी किंचित गोल करतात, जीभ घासू नये म्हणून. कोणी सांगत नाही, हात आपसूक वळतो.

"कोणाचं काम हे?"

भावजींनी हातावरचं प्लास्टर झटकलं.

"वहिनी बऱ्या आहेत ना आता?"

बस्स, एवढंच. कामावरून काढलं नाही, रागावलेही नाहीत. नव्या लॅबने कळवलं, तुमच्या मालकांशी आम्हाला वाकडं घ्यायचं नाही.

दाढ अजून मालकांच्या टेबलावरच आहे, पेनांच्या पेल्याशेजारी. हजेरीची सही त्याच टेबलावर करावी लागते.

काल डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. वेळ सकाळचीच मिळते.

"रजा घ्या," मी म्हटलं.

"काय सांगून?"

"खरं तेच."

भावजी हसले, हसता हसता खोकले. "खरं सांगायची सोय मीच घालवली, वहिनी. पुन्हा कुठेतरी दाढ कोरायला निघालाय, असंच म्हणतील."

त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी चार घड्या घालून खिशात ठेवली आणि डबा मागितला. मी भरून दिला.