कार्तिकातलं ऊन आणि आईचं खुरपं

आमच्या घरात कॉलेजची पायरी सगळ्यांत आधी मी चढले. हे मी सांगते, त्यात लाजायचं काय? तळोद्याला घर बांधलं तेव्हाच मी ठरवलं होतं की पुढच्या जागेत भाजी लावायची नाही. वाफ्यात वाकून माझं बालपण गेलंय. मला नुसतं बघायला हिरवं हवं होतं. म्हणून लॉन लावलं.

दिवाळी झाली की ते खरं खुलायचं. मी शाळेत शिकवून घरी येईपर्यंत ऊन भिंतीवरून तिरपं उतरलेलं असायचं आणि गवताच्या टोकाटोकाला लागलेलं असायचं. उत्तरेला सातपुडा धुऊन ठेवल्यासारखा. चहा घेऊन मी पायरीवर बसायचे आणि कोणी हाक मारली तरी लगेच उठायचे नाही.

यंदा आईला आणलं. वडील गेल्यापासून ती तापीकाठच्या गावात एकटीच राहायची, आणि थंडी पडली की तिचे गुडघे धरायचे. हिवाळाभर तिने इथेच राहावं, एवढंच मला हवं होतं. पण लेकीच्या घरी बसून खायचं नाही, हा तिचा नियम. स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन. तिसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "मन्ही बस कव्हय शे?" मग रोज तेच विचारायची. शेवटी मी म्हटलं, रविवारी सोडते.

शुक्रवारी शाळेतून आले, फाटक उघडलं आणि तिथेच थांबले. अर्धं लॉन गेलं होतं. काळी माती उघडी पडली होती, भिंतीशी गवताचा ढीग आणि मधोमध खुरपं घेऊन आई. गावाहून पिशवीत खुरपं आणलं होतं तिने, मला पत्ताच नव्हता.

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काय वं माय, इतली शिकनी तू, नि आंगणमा हरळी वाढी ऱ्हायनी?"

खरंच होतं तिचं. लॉन म्हणजे हरळीच की. जन्मभर ती शेतातून हरळीच उपटत आली. शेतात हरळी दिसली की त्या घरचा माणूस आळशी, असं आमच्याकडे धरतात. कोणी पाहुणा येऊन बघण्याआधी आपल्या पोरीची अब्रू झाकावी, म्हणून तिने दुपारभर खपून ती काढली होती.

आमचे हे मागून आले आणि "अरे, लॉन..." एवढंच म्हणाले. मी डोळे मोठे केले. ते घरात गेले ते चहालाच बाहेर आले.

मी म्हटलं, "सुट्टीच मिळाली नाही गं आई, म्हणून माजली."

रविवारी मी तिची पिशवी उचलायला गेले, तर ती उकिडवी बसून माती चाळत होती. म्हणाली, "आते जाऊ कशी? मुळं शेतस आखो."

मुळं अजून शिल्लक होती तर. हरळीचं मूळ कधी संपत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिथे मेथी आली, लसूण आला. संध्याकाळचं ऊन आता मेथीवर उतरतं आणि आईच्या पाठीवर. मी पायरीवर चहा पीत बसते. नळाखाली हरळीचा एक झुपका पुन्हा फुटलाय. तो मी तिला अजून दाखवलेला नाही; बसचं पुन्हा विचारलं की दाखवीन. थंडी संपायला अवकाश आहे.