वास नसलेलं पाणी

वॉलमनचं नाक हा गल्लीतल्या चेष्टेचा विषय होता. शेजारणीचं दूध करपायला लागलं की तिच्या आधी यालाच कळायचं. हे नाक तयार झालं जुन्या कारखान्यात. तिथे व्हिडिओ गेमच्या डिस्क आणि त्यांचे प्लास्टिकचे डबे बनायचे, आणि बाहेर पडणारं पाणी निळसर, उग्र वासाचं. ते मुरून मुरून याच्या घरामागच्या जागेत गवतही उगवेना. बायको उठता-बसता कारखान्याला शिव्या घालायची, घर त्याच पगारावर चालत असूनही.

पुढे लोकांनी डिस्क घेणं सोडलं. गेम नेटवरून थेट घरात उतरू लागले. कारखाना बंद पडला आणि त्याच इमारतीत गेम साठवणाऱ्या यंत्रांची कपाटं येऊन बसली, दिवसरात्र गुरगुरणारी.

"डबा नाही, डिस्क नाही, कचरा नाही. बरं झालं ना बाबा?" लेक म्हणाली.

बाबाला तिथेच पाण्याचे वॉल उघडायची नोकरी लागली. कारण ती कपाटं तापतात आणि त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. किती, ते विचारू नका.

बायकोने घरामागची माती उपसून नवी आणली आणि ती पिशव्यांत भरून कलमं लावली. पोटच्या पोरासारखी वाढवली. या उन्हाळ्यात पहिली कलमं विक्रीला तयार झाली होती. ती विकली गेली की याने नोकरी सोडायची आणि दोघांनी मिळून रोपंच करायची, असं ठरलं होतं. "सुटले एकदाची! पहाटे उठून तुमचा डबा करायला नको," ती म्हणायची.

ऐन उन्हाच्या तडाख्यात एक नवा गेम आला. सगळ्या जगाला तो एकाच दिवशी हवा. कपाटं तापली, साहेब धावत आला.

"दुसरा वॉल उघडा."

"साहेब, त्या लाइनवर आमची गल्ली आहे."

"माहीत आहे हो मला. पण हे बंद पडलं तर तुम्हीही घरी आणि मीही. उघडा."

त्याने उघडला. गल्लीतले नळ फुसफुसले आणि गप्प झाले. दुसऱ्या दिवशीही वॉल तसाच. दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, कलमांनी माना टाकल्या. कुठूनही आणा पण पाणी आणा हो. हात जोडते तुमच्यापुढे."

यंत्रं गार करून झालेलं पाणी एका पाइपातून गटारात सोडलं जायचं. त्याने ते ओंजळीत घेतलं. स्वच्छ, नितळ. नाकाशी नेलं. वास नाही. पाइपावर 'पिण्यासाठी नाही' अशी पाटी होती, पण झाडांबद्दल पाटीवर काही नव्हतं. त्याने कॅन भरले, सायकलला अडकवले आणि घर गाठलं. दोघांनी तांब्या-तांब्याने एकेका कलमाला पाणी घातलं. लेक दारात येऊन नाचली, "बाबा, गेम उतरला!"

नळ कोरडे होते तोवर रोज हेच पाणी. काही दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग अख्खी पानं. पिशव्यांतल्या मातीवर पांढरी खपली धरली. त्याने साहेबाला विचारलं, तेही आडून.

"त्या पाण्यात? पाइप गंजू नयेत म्हणून औषध असतं. शिवाय पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. का हो?"

"काही नाही, सहज," तो म्हणाला. याहून मोठं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

एव्हाना गेमची गर्दी ओसरली होती, दुसरा वॉल बंद झाला होता. नळाला धो धो पाणी आलं. बायको कलमांवर पाइप धरून उभी होती, वाळक्या काड्या धूत. त्याने सगळं सांगितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही वास घेतला होता ना?"

"घेतला होता गं."

त्याने एका पिशवीतली माती उचलून पुन्हा नाकाशी नेली. अजूनही काही कळेना. पाणी पिशव्यांवरून ओसंडून त्याच्या चपलांपर्यंत आलं. तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले.

"उद्या डबा करायचा ना तुमचा?"

"कर," तो म्हणाला.