टोपलीला आणा, गोदामाला माफी

कुणी म्हणजे कुणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. भर बाजारात मी ओरडून सांगितलं, "माझी मिरचीची टोपली माणिकशेठच्या कापसाच्या गोदामापेक्षा जास्त टॅक्स भरते!" तर अख्खा बाजार खो खो हसला. आमचे मालक घरी म्हणाले, "चौथी शिकलीस म्हणून कलेक्टर झालीस का?"

शेठजी मात्र हसले नाहीत. ते थेट गेले गावच्या कमिटीकडं. कमिटीनं फर्मान काढलं : पुढच्या बाजारापर्यंत पुरावा आण, नाहीतर चावडीत शेठजींची माफी माग. दोन्ही जमत नसेल तर लिंबाखालची जागा सोड!

आता ती जागा म्हणजे काय, ते मिरचीवालीलाच कळतं. बाजारात दिवसभर सावली तेवढ्याच तुकड्यावर. उन्हात मिरचीचा रंग उडतो, आणि पांढरी मिरची कुणी फुकट दिली तरी घेत नाही. जागा गेली म्हणजे धंदा गेला, आणि माफी मागितली म्हणजे मी गेले.

पुरावा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. घरपट्टीची यादी चावडीच्या भिंतीला डकवली होती, ती मी बोट ठेवून ठेवून वाचली. शेठजींचं घर होतं, दुकान होतं. गोदामाचं नावच नाही! दुसऱ्या दिवशी साक्षीदार घेऊन गेले, तर भिंतीवर नुसती खळ!

बाजारात बसलं की किस्से टोपलीच्या तळाला मिरचीच्या देठासारखे साठतात. एक उचलायला जावं तर दहा गुंतून येतात. गावाचं नाव मात्र सांगत नाही. मला अजून तिथंच बसायचंय.

* * *

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, तिरंगा लागला. तहबाजारी मात्र होती तशीच राहिली! बाजारात टेकायचं तर टोपलीमागं एक आणा. वसुलीचा ठेका दौलतरावांकडं. कमिटीचे मेंबरही तेच. काठीनं टोपल्या मोजत यायचे, जशी काही मेंढरंच मोजायलेत.

आमी काही गंगेत न्हालेल्या नव्हतो. माझ्या शेजारी भाजीवाली गयाबाई बसायची. तिच्या तीन टोपल्या. दौलतराव दिसले की तिसऱ्या टोपलीतल्या मेथीवर लुगड्याचा पदर टाकायची आणि वर तान्ही नात झोपवायची.

"ही टोपली न्हाई दादा, पाळणा हाय. पाळण्याला कर लागतो का?"

दोन बाजार दौलतराव गप गेले. तिसऱ्याला काठी टेकून उभे राहिले. "पोरगी बाजारात मांडलीस म्हणजे विकायलाच आणलीस. काढ आणा!"

गयाबाईनं पोरीला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "न्या! रातभर रडती. वरून आणा मीच देते!"

पोरगी दौलतरावांच्या धोतरावर ओली झाली. त्या दिवशी आमच्या रांगेत वसुलीच झाली नाही!

* * *

जैनबबी कासारीण सोनपेठहून यायची. तिच्याकडं टोपलीच नाही. बांगड्यांच्या माळा उजव्या खांद्यावर. दौलतराव म्हणाले, "टोपली नसली तर खांदा मोजू. एक आणा."

जैनबबीनं बटव्यातून अर्धा आणा काढून दिला.

"अर्धाच?"

"दो खांद्यांचा एक आणा ना दादा? डावा रिकामा हाय. देखलो!"

* * *

परभणीहून विक्रीकराचा साहेब जीपमधून यायचा. जीपचा धुरळा वेशीवर दिसला की माणिकशेठचं दुकान धाडकन बंद, आणि फळीवर खडूनं लिहिलेलं : "मयत झाल्यामुळे दुकान बंद आहे." साहेब भला माणूस. टोपी काढून हात जोडायचा आणि जीप फिरवायचा.

पहिल्यांदा शेठजींच्या मावशी वारल्या. आमाला लय वाईट वाटलं. दिवाळीच्या आधी पुन्हा मावशी वारल्या. म्हटलं, असतील दोन मावश्या! संक्रांतीला तिसऱ्यांदा वारल्या, तेव्हा जैनबबीला राहवेना. "चल गं, दुखवट्याला जाऊन येऊ."

आमी दोघी गेलो. तोंडाला पदर लावला, रडायची तयारी केली, कडी वाजवली. दार मावशीनंच उघडलं! हात पिठानं भरलेले.

"या बायांनो," म्हणाली. "आत बसा. आज मीच मेलेय. तेवढ्या पुरणपोळ्या लाटून घेते!"

पोळी मात्र झकास होती. खोटं कशाला बोलू!

हा किस्सा मी कमिटीपुढं सांगितला. मेंबर पोट धरून हसले, आणि म्हणाले, "मावशी जिती हाय ह्याचा पुरावा झाला. गोदामाचा कुठाय?"

* * *

झेंड्याच्या दिवशी शाळेसमोर सभा. माणिकशेठ पांढरी टोपी घालून खुर्चीवर. भाषणाला उठले आणि गहिवरले. "बंधुभगिनींनो, कर म्हणजे देशाचं रक्त! प्रत्येकानं द्यायला पाहिजे!"

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. मास्तर खुणेनं 'बस, बस' करायले. मी कशाची बसते!

"शेठजी, आमचं दर बाजाराला काढतेत. तुमचं कधी काढायचं?"

शेठजींनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "आता लहान मुलांना गूळशेंगा वाटण्यात येतील."

गयाबाई सगळ्यांत आधी रांगेत!

* * *

असे जुने किस्से आठवत बसले, आणि कमिटीनं दिलेले आठ दिवस संपले. बाजाराचा दिवस उजाडला. पुरावा नाही. दौलतराव दुपारी आले आणि काठीनं माझी टोपली उन्हात सरकवली. "माफी मागायची तर चल चावडीत. न्हाईतर हितून पुढं तुझी जागा ही." गयाबाईनं माझा हात धरला. "माग बाई माफी. तोंडानंच तर मागायची हाय."

तेवढ्यात जीप आली. विक्रीकराची नव्हे, नव्या तहसीलदाराची. पालमकडं निघाला होता बिचारा. मी टोपली उचलली आणि जीपच्या पुढ्यात नेऊन ठेवली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.

तहसीलदार उतरला. तरणाच होता. म्हणाला, "काय पाहिजे, बाई?"

"घरपट्टीचं रजिस्टर," मी म्हणलं. "तुमी वाचा. मी वाचलं तर कुणी ऐकत न्हाई."

कारकून रजिस्टर आणायला गेला. चावडी पन्नास पावलांवर, पण त्याला तासभर लागला. एवढा वेळ कशाला लागला, ते पुढं कळलंच! साहेबानं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं : "माणिकशेठ. गुरांचा गोठा. करमाफ."

"गोठाच हाय साहेब," शेठजी म्हणाले. "चला, दाखवतो."

सगळा बाजार मागं. दार उघडलं. आत आढ्यापर्यंत कापसाच्या गंज्या, सरकीची पोती, आणि मधोमध एक म्हैस! पोतं फाडून निवांत सरकी खायली.

"एवढा कापूस?" साहेब म्हणाला.

"अंथरूण हाय तिचं," शेठजी म्हणाले. "थंडी सोसत न्हाई तिला."

उन्हाळ्याचे दिवस! आमच्या अंगाला घामाच्या धारा!

साहेब हसला नाही. "किती वर्षं आहे इथं?"

"इथंच जन्मली, साहेब."

साहेबानं घड्याळ बघितलं. "धारेची वेळ होत आली. दावं सोडा. जनावर धारेच्या वेळी आपल्या घरी जातं. इथलीच असेल तर हलायची नाही."

दावं सोडलं. म्हशीनं आणखी चार घास सरकी खाल्ली. शेठजींच्या तोंडावर हसू फुटायला लागलं. मग तिनं मान वर केली, कान हलवले आणि निघाली. गोदामातून बाहेर, लिंबाखालून, शेठजींच्या वाड्याकडं ढुंकून न बघता. मागं तहसीलदार, त्याच्या मागं मी, माझ्या मागं अख्खा बाजार टोपल्यांसकट! ती वळली आणि थेट दौलतरावांच्या आवारात शिरली.

दौलतरावांची बायको चरवी घेऊन दारातच उभी. "आलीस गं माझी बाय! दुपारी ह्यांनी कुठं वढून नेलतं तुला?"

गयाबाई हसून हसून खालीच बसली. दौलतरावांची काठी हातातून कधी पडली, त्यांनाही कळलं नाही.

साहेबानं तिथंच उभ्या उभ्या दोन हुकूम केले. गोदामाला मागच्या सालांसकट घरपट्टी. आणि लिंबाखालची जागा माझ्या नावावर, लेखी! माझी टोपली सावलीत परत ठेवायला सगळा बाजार धावला. परवापर्यंत हसणारे हेच बरं का!

जाताना साहेब कमिटीला म्हणाला, "खोटी नोंद कुणामुळं झाली, ते ठराव करून मला कळवा."

कमिटी तीन दिवस बसली. कारकून म्हणाला, "मी आत म्हैस पाहिली, म्हणून गोठा लिहिला." शेठजी म्हणाले, "मी तिला बोलावली नव्हती." दौलतराव म्हणाले, "मी तिला धाडली नव्हती." चौथ्या दिवशी चावडीत ठराव वाचून दाखवला. आमी सगळ्या गेलो होतो. कारकुनानं घसा खाकरला आणि वाचलं :

"सबब, कमिटीचे एकमत झाले की, सदर चुकीस शेठजी, ठेकेदार वा कारकून यांपैकी कोणीही जबाबदार नसून, आपण होऊन गोदामात शिरून सर्वांची दिशाभूल केल्याबद्दल संपूर्ण दोष दौलतराव यांच्या म्हशीकडे जातो. रंग काळा, शिंगे मागे वळलेली, नाव चंद्री."