बाबांची राख आणि आंब्याची मुळं
परवा बाबा गेले. आज गावी, टाकव्यात, त्यांचं सावडणं झालं. राख नदीत न सोडता त्यांच्या आंब्याला घालायचं घरात ठरलं होतं.

आबा, म्हणजे माझे चुलते, खोडाशीच खणायला लागले. मी माती तपासणीचं काम करते. म्हटलं, "तिथं नको. अन्न घेणारी मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात. जास्त राख मुळांना सोसत नाही, थोडीच घेऊ, शेणखतात मिसळून पसरू."

आत्या म्हणाली, "बापाच्या राखंलाबी माप लावतीस व्हय गं?"

आबांनी कुदळ माझ्याकडे दिली.

फांद्यांच्या टोकांखाली बाबांचा ट्रॅक्टर उभा होता. त्याने माती दबते, दुसरीकडे लावा, असं मी त्यांना कितीदा सांगितलं होतं. "हलवू की," म्हणायचे.

आज मी तो हलवला आणि खणलं.

रडू अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला किती दिवसांनी आलं?