पाइपात निघालेले कासरे

आकुर्डीपलीकडचा तो ओढा आता बुजला आहे. त्या ओढ्यावरून दाखल झालेला गुन्हा मात्र माझ्या मनातून गेलेला नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे फौजदार होतो. शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. वर्दी मिळाली याचेच अप्रूप होते. भादवी पोळा नुकताच झाला होता. एका रंगाच्या कंपनीचे मॅनेजर फिर्याद घेऊन आले. ओढ्यात सांडपाणी सोडणारा त्यांचा पाइप कोणीतरी बुजवला होता. त्यांचा संशय गावातल्याच एका कामगारावर होता. जमीन दिल्याच्या बदल्यात तो नोकरीला लागला होता.

"त्याला अटक करा," मॅनेजर म्हणाले, "म्हणजे कामावरून काढता येईल."

पंचनाम्याच्या वेळी पाइपातून चिखलाने लिंपलेला दोरांचा मोठा गोळा निघाला.

"भंगार हाय, साहेब," जमादार म्हणाले.

मी तो सोडवला. आत कासरे, वेसणी, म्होरक्या. पोळ्याला बैलाचे जुने दोर काढून नवे घालतात. एवढे दोर एका गोठ्यातले असणे शक्य नव्हते.

नाक्यावरच्या चहावाल्याने उलगडा केला. "सणाला बैल ओढ्यात धुतले, अन् कातडी सोलून निघाली राव. गावानं मिरवणूकच काढली न्हाई."

दुसऱ्या दिवशी कामगाराला चावडीवर बसवले. दिवसभर विचारले. त्याने कोणाचेही नाव घेतले नाही. शेवटी गावकऱ्यांसमोर मी एक कासरा उचलला. "हा कोणाचा?"

"माझ्या सर्जाचा," एक म्हातारी पुढे आली. "त्या पोराला सोडा. त्याच्या घरात बैलच न्हाई, दोर कुठला आणंल?"

"ती वेसण आमची."

"म्होरकी माझी, साहेब. बैलाचा जबाब पायजे का? दारातच उभा हाय, पोट बघा त्याचं."

मी पाहिले. पोट लालभडक सोललेले होते.

दोर ओळखणाऱ्या सगळ्यांवर गुन्हा दाखल झाला. कामगाराचे नाव वगळले. पाण्याबद्दल मी वर अहवाल पाठवला. ते काम आपल्या खात्याचे नाही, असे उत्तर आले. पाइप बंदोबस्तात मोकळा करून दिला, तो मात्र आमच्याच खात्याने.

महिन्याभरात कामगाराला कंपनीने काढले. कारण दिले, विनापरवाना गैरहजेरी. तो गैरहजर होता तो दिवस त्याने चावडीवर माझ्यासमोर काढला होता. तसा दाखला मी लिहून दिला. कोणी विचारात घेतला नाही.

पाइपाला मालक होता, म्हणून फिर्याद झाली. ओढ्याला नव्हता. कायदा सर्वांना सारखा, असे मी शाळेत पाठ केले होते. तो कोणाच्या दारी आधी धावतो, हे त्या गावाने शिकवले.