वरच्या सा पर्यंत

शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला तिथल्या बायका उस्ताद म्हणायच्या. हे कौतुक नव्हतं, पण त्याने ते कौतुक म्हणूनच ठेवून घेतलं होतं. त्याला शास्त्रीय गाण्याचं वेड. घरी त्याने एखादा राग लावला की बायको म्हणायची, "तुमचं चालू द्या, मी दार लावून घेते." मुलीच्या कानात इअरफोनची बोंडं कायमचीच. कुणीतरी आपलं गाणं मन लावून ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. पन्नाशी उलटली तरी असा एक माणूस मिळाला नव्हता.

सिनेमाची गाणी म्हणजे तयार शर्ट, असं त्याचं मत. अंगात घातला, निघाले. राग मापं घेऊन बेतावा लागतो. हे तो मशीनला तेल घालता घालता ऐकवायचा, आणि बायका मशीन आणखी जोरात चालवायच्या.

कारखान्यात दिवसभर कर्ण्यावर सिनेमाची गाणी चालत. एकदा कर्णाच मुका झाला. उस्तादने तो तासाभरात बोलता केला. मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "माग काय हवं ते."

"तीन दिवस गाणी मी लावणार."

मॅनेजरना वाटलं, थोडक्यात सुटलो.

पहिल्या दिवशी त्याने विलंबित ख्याल लावला, आणि इथेच त्याचं चुकलं. बायका गाण्याच्या ठेक्यावर कॉलर शिवायच्या. एका गाण्यात चार कॉलर, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आता ठेकाच सापडेना. गवई एकच ओळ अर्धा तास घोळवत बसला आणि कॉलरही त्याच्याबरोबर घोळत राहिल्या. इस्त्रीवाली उभ्या उभ्या पेंगली आणि एक बाही करपली.

दुसऱ्या दिवशी चूक सुधारायची म्हणून त्याने द्रुत लावलं. तबला सुटला, पेडलवरचे पाय सुटले, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत एकवीस सुया मोडल्या. त्या बदलायचं काम अर्थातच उस्तादचं.

तिसऱ्या दिवशी त्याने आपलं सगळ्यात लाडकं गाणं लावलं. निदान हे तरी ऐकतील. गवई एकेक स्वर चढत वर निघाला, वरच्या सा ला पोचायला फक्त नी ओलांडायचा राहिला, आणि मॅनेजरनी वायर उपटली.

चौथ्या दिवशी पुन्हा सिनेमा. चार-चार कॉलर भराभर पडायला लागल्या. उस्ताद बघत राहिला. या गाण्यांना निदान बायकांचे हात तरी मिळतात, आपल्या गाण्याला कुणाचे कानही नाहीत. त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात काजं करणाऱ्या मावशींनी हाक मारली. बारा वर्षांत त्या त्याच्याशी मशीनपलीकडे एक शब्द बोलल्या नव्हत्या. तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला.

"मशीन बरं आहे हो," मावशी हळूच म्हणाल्या. "काल तो माणूस वर चढत होता ना? पोचला का?"

उस्तादकडे या विषयावर तीस वर्षांचं भाषण तयार होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. तो खाली वाकला आणि कर्ण्यावरच्या गाण्याखालून त्याने नी लावला, मग सा. आवाज फाटला, सूरही जरा खालीच लागला.

"हां," मावशींनी श्वास सोडला. "कालपासून जीव नुसता टांगणीला लागला होता." आणि त्यांनी पुढचा शर्ट ओढला.