मुरुडच्या वखारीखालचा दगड

संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं झाली होती. मुरुडच्या बाजारातली जुनी वखार पाडून तिथे नवी इमारत उठणार होती. पाया खणताना जुनं काही निघतंय का, यावर लक्ष ठेवायला पुरातत्त्व खात्याने मला पाठवलं. माझी ती पहिलीच नोकरी.

वखारीच्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबांना मालकाने नव्या इमारतीत खोली देण्याच्या बोलीवर समुद्राकाठी झावळ्यांच्या शेडमध्ये हलवलं होतं. त्यात एक शिंपी आणि त्याची बायको होती. त्याला दमा. तिला मी भाभी म्हणायचे.

मागच्या भिंतीशी खणताना घडीव दगडांची पन्हळ लागली. मी काम थांबवायला सांगितलं आणि मुंबईला खात्याच्या कचेरीत कळवलं.

कंत्राटदार वैतागला. "बाई, दगड आहेत ते. इथे कुठेही खणा, दगडच लागतो."

"मुंबईहून उत्तर येईपर्यंत कुदळ लावायची नाही," मी म्हणाले.

उत्तर येईना. भाभी रोज खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहायची. सुरुवातीला नुसतं विचारायची, "अजून किती दिवस, बाई?" एके दिवशी मात्र तिचा तोल सुटला.

"खाली कोण राहत होतं ते तुम्हाला बघायचंय. वर आम्ही राहत होतो, त्याचं काय?"

मी खात्याला पुन्हा लिहिलं.

शेडमधल्या ओलसर वाऱ्याने शिंप्याचा दमा बळावला. मशीनला गंज चढू लागला. एकदा त्याला श्वासच घेता येईना, तेव्हा भाभी धावत माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी त्याला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "यांना आधी त्या शेडमधून हलवा."

शेवटी भाभीने मुंबईला भावाकडे जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी ती खड्ड्यात उतरली आणि पन्हळीवरून हात फिरवत म्हणाली, "इथून पाणी यायचं?"

"हो."

"आम्ही तर विहिरीवरून आणायचो." एवढंच बोलून ती वर आली.

ते गेले त्याच आठवड्यात हुकूम आला: मोजमाप घ्या, फोटो काढा, पन्हळ बुजवा, काम सुरू करा. मी नकाशा काढला. वरिष्ठांनी तो वाखाणला. तो कागद हातात धरवत नव्हता.

इमारत पुरी झाल्यावर मालकाने त्यांची खोली एका व्यापाऱ्याला दिली. मी जाऊन भांडले. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही कुणाला काढलं नाही. ते आपण होऊन गेले."

पुढे मुंबईला गेले तेव्हा शेडमधल्या शेजाऱ्यांकडून पत्ता घेऊन भाभीला भेटले. शिंपी आता दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायचा; त्या दिवशी घरीच होता. तब्येत सुधारली होती. मला बघून भाभीला खरोखर आनंद झाला. चहा पुढे ठेवत तिने विचारलं, "झाली का हो आमची खोली?"

मी खरं ते सांगितलं. शिंप्याने कप माझ्याकडे सरकवला. "चहा घ्या, बाई. निवतोय."